हॉटेलच्या नोकरीत बाई कुठे अडते?

माझी एक माजी विद्यार्थिनी मुंबईतल्या एका बड्या हॉटेलात सहा वर्षे नोकरीला आहे. तिची आई नगरपालिकेत झाडूकाम करी. मुलीच्या हाती झाडू येऊ नये म्हणून तिने कर्ज काढून मुलीला हॉटेल व्यवस्थापन शिकवले. पदवी घेऊन मुलगी नोकरीला लागली ती हाऊसकीपिंगमध्ये. चादरी बदलायच्या, न्हाणीघरे घासायची. तिच्याहून कमी गुण मिळालेली मुले स्वागतकक्षात आणि रेस्टॉरंटमध्ये गेली. मुलाखतीत काय विचारले, असे मी तिला विचारले. ती म्हणाली, "सर, विचारलं काहीच नाही. नुसतं बघितलं."

या नुसत्या बघण्याचा अर्थ आपल्या कार्यकर्त्यांनी समजून घेतला पाहिजे. जाहिरातीत 'आकर्षक व्यक्तिमत्त्व' हवे असते. म्हणजे अंगाचा रंग, इंग्रजीचे वळण, पाहुण्यासमोर न बुजण्याची सवय. या गोष्टी पदवीबरोबर मिळत नाहीत, घरातून येतात. आडनाव न विचारताच निवड होऊन जाते. माझ्या वडिलांना लहानपणी गावच्या हॉटेलात बाहेर ठेवलेल्या वेगळ्या कपात चहा मिळे. तो भेद निदान डोळ्यांना दिसत तरी होता!

पहिली नेमणूक कुठे होते यावर पुढचे सारे ठरते. हॉटेलचा जनरल मॅनेजर बहुधा खोल्यांची विक्री, खानपान, मेजवान्या अशा पैसा आणणाऱ्या खात्यांतून वर येतो. हाऊसकीपिंग मालकाच्या वहीत खर्चाच्या रकान्यात बसते. तिथली बाई सुपरवायझर होते, फार तर खातेप्रमुख होते. त्यापुढे तिला हिशेब येत नाही, असे म्हणतात. आणि हिशेब शिकण्याच्या जागी तिला कधी बसवलेलेच नसते. स्वयंपाकघराची तर कथाच और. घरची चूल जन्मभर बाईची, पण पगाराची चूल आली की शेफ पुरुष! गंमत अशी की, मुंबईत 1954 साली निघालेली हॉटेल व्यवस्थापनाची संस्था अखिल भारतीय महिला केंद्रीय अन्न परिषदेने, लीलावती मुन्शींच्या पुढाकाराने काढलेली.

कायद्याचाही अडसर होता. 1914 च्या पंजाब अबकारी कायद्याच्या 30 व्या कलमाने मद्य पुरवणाऱ्या जागी स्त्रियांना कामावर ठेवण्यास बंदी केली होती, आणि तो कायदा दिल्लीलाही लागू होता. सर्वोच्च न्यायालयाने 2007 साली हे कलम रद्दबातल ठरवले. संरक्षणाच्या नावाखाली बाईचा रोजगार काढून घेता येणार नाही, असा त्या निकालाचा आशय. महाराष्ट्रात 2017 च्या दुकाने व आस्थापना कायद्याने स्त्रीच्या संमतीने आणि सुरक्षेची व्यवस्था करून रात्री साडेनऊनंतरच्या कामाला वाट दिली. पण ब्रेक शिफ्टचे काय? दुपारचे जेवण वाढायचे, मधले तास कुठेतरी काढायचे, पुन्हा रात्रीचे जेवण वाढायचे. हॉटेलजवळ खोली परवडत नाही आणि शेवटची लोकल चुकते. मग बाई स्वतःच दिवसपाळीचे खाते मागून घेते, आणि साहेब म्हणतात, 'बायकांनाच बढती नको असते.'

मूल झाले की दुसरा पेच. बाबासाहेबांनी 1928 साली मुंबई कायदेमंडळात प्रसूती लाभाच्या विधेयकाला पाठिंबा दिला होता. 2017 च्या दुरुस्तीने पहिल्या दोन अपत्यांसाठी पगारी रजा 26 आठवड्यांची झाली. मात्र ठेकेदाराच्या हजेरीपटावरची बाई ही रजा मागायला गेली की तिचा करारच संपल्याचे कळते. कायम नोकरीतली बाई परतते तेव्हा तिची जागा भरलेली असते. शिवाय बढतीला दुसऱ्या शहरात बदलीची अट असते; पुरुषाच्या बदलीमागे बायको बिऱ्हाड हलवते, बाईच्या बदलीमागे कोण हलवतो?

माझी विद्यार्थिनी गेल्या महिन्यात घरी आली होती. स्वागतकक्षात बदली मागणारा अर्ज आम्ही दोघांनी बसून लिहिला. गुणपत्रिका जोडली, सहा वर्षांचे कामाचे शेरे जोडले, नकार दिल्यास कारण लेखी द्यावे अशी विनंती केली. अर्जाची पोच मिळाली आहे. उत्तर अजून आलेले नाही.