खडा फुटतो तो कसा?

लेखमाला : किडनीची काळजी – भाग ६

‘शॉक देऊन खडा फोडू,’ असं डॉक्टर म्हणाले की पुण्याच्या येरवड्यातला पेशंट जरा जास्तच दचकतो. इथल्या मनोरुग्णालयाच्या आसपास वाढलेल्या वस्त्यांमध्ये ‘शॉक’ म्हणजे विजेचा, हा अर्थ डोक्यात पक्का बसला आहे. मुतखडा कसा तयार होतो ते आपण मागच्या आठवड्यात पाहिलं. आज तो फोडण्याबद्दल बोलायचं, तर आधी ही भीती घालवायला हवी. या उपचारात अंगाला वीज लावत नाहीत. शरीरात जाते ती दाबाची लाट, आवाजाच्या जातीची.

या उपचाराचं मूळ विमानांच्या कारखान्यात आहे. शेजारच्या लोहगावच्या हवाई तळावरून लढाऊ विमान उठलं की येरवड्यात क्षणभर बोलणं थांबवावं लागतं, इतका तो आवाज इथल्या सवयीचा. जर्मनीतली डॉर्नियर ही विमानं बनवणारी कंपनी एका वेगळ्याच प्रश्नाच्या मागे होती. आवाजापेक्षा वेगाने जाणाऱ्या विमानावर पावसाचा साधा थेंब आपटला, तरी धातूला आतपर्यंत इजा का होते? आघाताची लाट पदार्थातून पुढे सरकत जाते, हे त्यामागचं कारण. मग हीच लाट शरीरातून नेऊन आतला खडा फोडता येईल का, असा विचार म्युनिकच्या डॉक्टरांनी केला. ७ फेब्रुवारी १९८० रोजी ख्रिश्चन शॉसी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पहिल्या रुग्णावर हा उपचार केला. तेव्हा रुग्णाला भूल देऊन पाण्याच्या मोठ्या टबात उतरवावं लागे. १९८४ च्या अखेरीस अमेरिकेने या यंत्राला मान्यता दिली आणि काही वर्षांतच खड्यासाठी पोट उघडणं कितीतरी कमी झालं. मूत्राशयातला खडा चिरून काढण्याची रीत सुश्रुताने लिहून ठेवली आहे, पण त्याआधी राजाची परवानगी घ्या असंही त्याने बजावलं आहे, कारण माणूस वाचेलच याची खात्री नव्हती. त्या टोकापासून आपण इथे पोचलो, याचं मला खरंच अप्रूप वाटतं.

आता पाण्याचा टब का, ते पाहू. आपलं शरीर बहुतांशी पाणीच. पाण्यातून आलेली लाट म्हणूनच फारशी न अडता कातडीतून आत शिरते. मध्ये हवा आली, तर जवळजवळ सगळी लाट माघारी फिरते. आजच्या यंत्रात टब नाही. पाण्याने भरलेली एक गादी कुशीला टेकवतात आणि मध्ये जेल लावतात. त्या जेलमध्ये हवेचे बुडबुडे राहिले, तरी उपचाराची ताकद घटते.

भिंगाने कागद जाळण्याचा खेळ आपण सगळ्यांनी केलेला असतो. तळहातावर पडलेलं ऊन भाजत नाही, पण तेच भिंगातून एका बिंदूवर आणलं की कागद पेटतो. इथेही तसंच आहे. लाटा मोठ्या भागातून आत शिरतात आणि जिथे एकत्र येतात त्या बिंदूवर खडा असावा लागतो. तो एक्स-रे किंवा सोनोग्राफीवर बघत नेमका धरतात. एका बैठकीला पाऊण ते एक तास लागतो आणि साधारण दोन ते तीन हजार ठोके दिले जातात.

इथे मला येरवड्याच्या वडारवस्तीची आठवण येते. दगडाचं काम करणारा माणूस एका घावात दगड फोडू बघत नाही. त्याच रेषेवर, बेताने, घाव घालत राहतो. यंत्रालाही हीच शिस्त लागते. सुरुवात हलक्या ठोक्यांनी करायची, मग जोर वाढवायचा. मिनिटाला १२० पेक्षा ६० ते ९० ठोके दिले तर खडा जास्त चांगला फुटतो, कारण प्रत्येक ठोक्याने खड्याभोवती सूक्ष्म बुडबुडे उठतात आणि ते विरायच्या आत पुढचा ठोका आला तर त्याचा जोर त्यांच्यातच जिरतो.

पण प्रत्येक खडा या उपचाराला योग्य नसतो. माझा सगळा आग्रह इथे आहे. किडनीतला दोन सेंटिमीटरपेक्षा मोठा खडा यासाठी नको. किडनीच्या तळाच्या कप्प्यात असेल तर मर्यादा एक सेंटिमीटरच्या आसपास येते, कारण फुटलेला चुरा तिथून वर चढून बाहेर पडायला हवा. सीटी स्कॅनमध्ये खड्याचा टणकपणा आकड्यात दिसतो. तो हजाराच्या वर असेल तर खडा सहज दाद देत नाही. शरीर स्थूल असेल तर खडा कातडीपासून लांब पडतो. गरोदरपणात हा उपचार करत नाहीत. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील किंवा लघवीत जंतुसंसर्ग असेल, तर आधी त्याची व्यवस्था लावावी लागते. तेव्हा डॉक्टरांनी दुर्बिणीने आणि लेझरने खडा काढायचा सल्ला दिला, तर तो बिल वाढवण्यासाठीच आहे असं लगेच धरू नका. जागा, आकार आणि टणकपणा, या तीन गोष्टी विचारा. उत्तर आपोआप उलगडेल.

हुलग्याचं कढण प्या, चांगलंच आहे, पोटात तेवढं पाणीही जातं. पण बारा मिलिमीटरचा खडा त्याने फुटत नाही. आणि कळ थांबली म्हणजे खडा पडला असं मुळीच समजू नका. किडनीतून मूत्राशयाकडे जाणाऱ्या नळीत अडकलेला खडा कधी दुखेनासा होतो आणि किडनी आतल्या आत निकामी होत जाते. त्यामुळे दुखणं थांबलं तरी सोनोग्राफी कराच.

यंत्र खडा फक्त फोडतं, चुरा लघवीवाटेच बाहेर पडायचा असतो. एक-दोन दिवस लघवी लालसर होते, मधूनच कळ येते. ते अपेक्षितच आहे. कधी तुकडे नळीत एकामागोमाग अडकून रांग लावतात. जर्मन डॉक्टरांनी त्याला ‘दगडांचा रस्ता’ असं नाव दिलं आहे. थंडी वाजून ताप आला, लघवी अडली किंवा कळ थांबेनाशी झाली, तर रात्र असली तरी दवाखाना गाठा. आणि बरं वाटलं तरी सांगितलेल्या तारखेला तपासणीला जा. काहींना दुसऱ्यांदा बसावं लागतं, त्यात उपचार फसला असं काही नाही.

आणखी एक काम घरी करायचं आहे. चहाची एक जुनी गाळणी बाजूला काढा आणि काही दिवस लघवी तिच्यातून गाळा. वाळूसारखे कण सापडले तर फेकू नका, कोरड्या डबीत ठेवून डॉक्टरांकडे न्या. तो खडा कशाचा होता हे तपासणीत कळतं आणि पुन्हा होऊ नये म्हणून काय खायचं, काय टाळायचं, हे त्यावरच ठरतं. पुढच्या आठवड्यात त्या डबीतल्या कणांविषयी.