विमान सहारला, गाडी दादरला

आखाती देशातून येणारे विमान सहारला उतरले की मुंबईकराचा प्रवास संपतो. कोल्हापूर, नागपूर किंवा सावंतवाडीच्या प्रवाशाची खरी परीक्षा मात्र तेथूनच सुरू होते. विमानाचे तिकीट आणि रेल्वेचे आरक्षण यांचा एकमेकांशी काहीही संबंध नसतो. विमान उशिरा आले म्हणून गाडी खोळंबत नाही, आणि गाडी चुकल्यास निश्चित आरक्षणाचे पैसे परत मिळण्याची आशाही फारशी धरता येत नाही. या दोन तिकिटांमध्ये मुंबईचे वीस-पंचवीस किलोमीटर उभे असतात. पावसाळ्यात त्यांचा निकाल पुष्कळदा दादर आणि परळ यांच्यामधल्या हिंदमाता चौकात लागतो.

एका जुन्या चित्रपटगृहावरून ओळखला जाणारा आणि कापडबाजारासाठी प्रसिद्ध असलेला हा परिसर बशीच्या तळासारखा खोलगट आहे. चारी बाजूंचे पावसाचे पाणी येथे उतरते आणि नाल्यांवाटे पूर्वेच्या समुद्राकडे जाते. भरतीच्या वेळी समुद्र ते स्वीकारत नाही. नेमका त्याच वेळी मुसळधार पाऊस झाला, तर पाणी साचण्याखेरीज दुसरा मार्ग उरत नाही. महापालिकेने दादरचे प्रमोद महाजन कला पार्क आणि परळचे सेंट झेवियर्स मैदान यांच्याखाली साठवण टाक्या बांधल्या. भरती ओसरेपर्यंत पाणी तेथे साठवायचे, अशी ही योजना. शेजारचे दोन उड्डाणपूलही एकमेकांना जोडण्यात आले. त्याचा उपयोग झाला, हे नाकारता येत नाही. तरीही २६ मे २०२५ रोजी पाऊस वेळेआधीच दाखल झाला आणि हिंदमाता पुन्हा पाण्याखाली गेला.

शीव, माटुंगा, दादर या मार्गाने छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस गाठू पाहणारी टॅक्सी डॉ. बाबासाहेब आंबेडकर मार्गावर याच ठिकाणी अडकते. दादरच्या पूर्वेकडील प्रवेशद्वारापर्यंतच जायचे असेल, तर खोदादाद सर्कल हिंदमात्याच्या अलीकडे आहे, एवढाच दिलासा. रिक्षाचा विचार करण्यात अर्थ नाही. तिला शहर भागात परवानगीच नाही.

या अडचणीवर आता भुयारी मेट्रोचा पर्याय आहे. आरे ते कफ परेड ही मेट्रो ३ मार्गिका ऑक्टोबर २०२५ मध्ये पूर्ण सुरू झाली आणि विमानतळाच्या टर्मिनल दोनचे नाव असलेल्या स्थानकातून थेट सीएसएमटीला जाणे शक्य झाले. ही गाडी हिंदमात्याखालून जात नाही. दादरनंतर ती सिद्धिविनायक, वरळीकडे वळते. मात्र ती पावसापासून पूर्ण सुरक्षित आहे, असेही समजू नये. त्याच २६ मे रोजी आचार्य अत्रे चौक स्थानकात पाणी शिरले होते. शिवाय मेट्रो रात्रभर धावत नाही, आणि परदेशातून येणारी कित्येक विमाने नेमकी अपरात्री उतरतात.

मग दादरला उतरावे की सीएसएमटीला? मेट्रोचे दादर स्थानक पश्चिमेला, गोखले रोडच्या बाजूला आहे. तेथून बाजाराच्या गर्दीतून रेल्वे स्थानक गाठायचे, पूल चढायचा आणि मध्य रेल्वेच्या फलाटावर उतरायचे. तीस किलोच्या दोन बॅगा असल्यास हे अंतर लहान राहत नाही. डिसेंबर २०२३ पासून दादरच्या फलाटांना सलग क्रमांक दिले असून मध्य रेल्वेचे फलाट ८ ते १४ आहेत. बऱ्याच वर्षांनी मायदेशी येणाऱ्याने जुन्या आठवणीवर विसंबू नये. त्यातच लांब पल्ल्याची गाडी दादरला जेमतेम दोन-तीन मिनिटे थांबते. सीएसएमटीहून सुटणारी महालक्ष्मी किंवा विदर्भ एक्स्प्रेस पकडायची, तर थोडे पुढे जाऊन उगमस्थानीच बसणे शहाणपणाचे. तेथे गाडी आधीपासून फलाटावर लागलेली असते. मात्र तिकिटात गाडीत चढण्याचे स्थानक दादर नोंदवले असेल, तर आरक्षणतक्ता तयार होण्यापूर्वीच ते तपासून घ्यावे.

कोकणात जाणाऱ्यांची गोष्ट वेगळी. तुतारी एक्स्प्रेस दादरहूनच सुटते, तीही मध्यरात्रीनंतर काही मिनिटांनी, आणि येथे अनेकांची फसगत होते. विमान १४ तारखेला रात्री नऊला उतरणार असेल, तर आरक्षण १५ तारखेचे हवे. १४ तारखेचे तिकीट घेतले असेल, तर विमान उतरण्यापूर्वीच गाडी सावंतवाडीला पोहोचलेली असते. आरक्षण आता १२० नव्हे, तर ६० दिवस आधी खुले होते. विमानाचे तिकीट बहुधा त्यापूर्वीच काढलेले असल्याने तारखांचा मेळ घालण्याचे काम शेवटी रेल्वेच्या बाजूलाच करावे लागते.

पारपत्र तपासणी, सामान, सीमाशुल्क यांत दीड तास सहज जातो. एरवी विमान उतरणे आणि गाडी सुटणे यांत किमान चार तास असावेत. जून ते सप्टेंबरमध्ये तेही कमीच. कारण पाणी केवळ रस्त्यावर साचत नाही. १९ ऑगस्ट २०२५ रोजी सीएसएमटी ते ठाणे ही उपनगरी वाहतूकच काही तास बंद पडली होती. अशा दिवशी लांब पल्ल्याच्या गाड्यांच्या वेळाही कोलमडतात. हिंदमाता, लालबागला नातेवाईक असतील, तर त्यांच्याकडे एक रात्र काढून दुसऱ्या दिवशीची गाडी पकडणे अधिक बरे. कोकणच्या बहुतेक गाड्या पनवेललाही थांबतात. विमानतळावरून टॅक्सीने थेट पनवेल गाठल्यास दादर, परळ आणि हिंदमाता तिन्ही टळतात.