नाव मिळाले, गाव सापडले, पाखरू गेले!

मराठी शिकविणाऱ्या माणसाने पाखरांच्या भानगडीत कशाला पडावे, असे माझे सहकारी विचारतात. अहो, पण लाव्ह्याची नि माझी ओळख पोथ्यांतूनच झाली! लांडग्याच्या जबड्यातून अश्विनीकुमारांनी वर्तिकेला सोडविल्याचा उल्लेख ऋग्वेदात आहे. ही वर्तिका म्हणजे लाव्हाच, असे पंडित सांगतात. हिमालयातल्या लाव्ह्याला मात्र कोणी अश्विनीकुमार भेटला नाही.

या पाखराची जन्मपत्रिकाच उलटी. १८४६ साली जॉन एडवर्ड ग्रे याने त्याला शास्त्रीय नाव दिले, तेही इंग्लंडात, डर्बीच्या उमरावाच्या खाजगी प्राणिसंग्रहातील पक्ष्यांवरून. घर कुठले, याचा पत्ता नाही! ग्रेने त्याला मलायातील तुरेवाल्या तित्तिराच्या पंक्तीला बसविले. १८५६ मध्ये बोनापार्तने त्याला तिथून उठवून स्वतंत्र पाट मांडून दिला. 'ऑफ्रिसिया सुपरसिलिओसा' हे ते नाव. पहिला शब्द ग्रीक, दुसरा लॅटिन. अर्थ दोन्हीकडे भुवईचाच! नराच्या काळ्या चेहऱ्यावर पांढरी भुवई उठून दिसते ना, म्हणून. अंग राखी, चोच नि पाय लाल. मादी तपकिरी. लाव्हा म्हणावे तर शेपटी लांब, तित्तिर म्हणावे तर देह चिमुकला. तेव्हा त्या पाटावर तो एकटाच बसला आहे.

गाव सापडायला १८६५ साल उजाडावे लागले. मसुरीजवळ काही पक्षी मारले गेले आणि पत्ता लागला, तो बंदुकीच्या नळीतून! उभ्या उतारावरच्या उंच गवतात थव्याने राहायचे, पाय अंगावर पडेपर्यंत उडायचे नाही, ही त्यांची रीत. कुत्रा घेऊन निघालेल्या शिकाऱ्याला आणखी काय हवे? डिसेंबर १८७६ मध्ये नैनितालजवळ शेर-का-डांडा डोंगरावर एक मारला गेला. त्यानंतर आजतागायत निर्विवाद असे एकही दर्शन नाही. संग्रहालयांतून जेमतेम डझनभर नमुने उरले आहेत.

तरीही शास्त्रज्ञ त्याला 'नामशेष' म्हणत नाहीत, 'अतिसंकटग्रस्त' म्हणतात. तुम्ही म्हणाल, ही नुसती वेडी आशा. पण आपल्याच खानदेशातला रानपिंगळा पाहा. १८८४ नंतर तो हरवला म्हणून सर्वांनी हात टेकले होते. १९९७ साली तो शहाद्याजवळ दिवसाढवळ्या फांदीवर बसलेला सापडला. पिंगळा निदान फांदीवर बसतो. हा लाव्हा गवतातून डोके वर काढीत नाही, आणि ते गवतही आता मसुरीच्या उतारांवर पूर्वीइतके राहिलेले नाही.