गुरुवारचे कॉल

सकाळी ८.४५
पुण्यात गुरुवार म्हणजे महावितरणच्या देखभालीचा वार. कुठल्या ना कुठल्या भागात वीज जाते आणि आमचे फोन वाजू लागतात : ‘यूपीएस ओरडतोय’, ‘सर्व्हर बसला’. निघण्याआधी बॅग बघतो. मल्टिमीटर, ब्लोअर, मनगटाला बांधायचा अँटिस्टॅटिक पट्टा, रॅमचे पाय घासायला खोडरबर, कोऱ्या जॉबशीट. सोबत आयटीआय करून आलेला नवा मुलगा. त्याच्या हातात स्टीलचं कडं आहे. काढ म्हटलं की तोंड पाडतो. तरी खिशात ठेवायला लावतो.

९.३०
सदाशिव पेठेतला जुना वाडा, वरच्या मजल्यावर करसल्लागाराचं ऑफिस. तक्रार अशी, की कॅबिनेटला हात लागला की मुंग्या येतात. मुलाने लगेच एसएमपीएस, म्हणजे आतला पॉवर सप्लाय, गेल्याचं जाहीर केलं. तो ठणठणीत होता.

एसएमपीएसमध्ये फेज आणि न्यूट्रल, दोन्हींकडून पत्र्याकडे छोटे कपॅसिटर जोडलेले असतात. विजेतला खरखराट गाळणं हे त्यांचं काम. अर्थिंग असेल तर त्यांतून झिरपणारा करंट जमिनीत जातो. नसेल तर पत्रा २३० च्या निम्म्यावर, म्हणजे ११५ व्होल्टच्या आसपास तरंगत राहतो. करंट अगदी किरकोळ, त्यामुळे नुसत्या मुंग्या. पण उद्या आतली एखादी वायर सोलून पत्र्याला टेकली, तर करंटला जायला जागा नाही, एमसीबी पडणार नाही आणि पुढचा हात लावणारा मुंग्यांवर सुटणार नाही.

सॉकेटमध्ये मीटर लावला. फेज ते न्यूट्रल २३०. फेज ते अर्थ धड काहीच नाही. भोकं तीन, मागे वायरी दोन. वाड्यात हे नेहमीचंच.

साहेब म्हणाले, ‘अरे, एक वायर नळाच्या पाइपाला गुंडाळून टाक की. आमच्या वडिलांनी रेडिओला तसंच केलं होतं.’

रेडिओच्या काळात पाइप लोखंडी होता आणि थेट जमिनीत जात होता. आता मध्ये कुठेतरी प्लास्टिकचा तुकडा असतो, म्हणजे अर्थिंग तर होत नाहीच, वर खालच्या बिऱ्हाडातल्या नळाला वीज उतरू शकते. ‘साहेब, हे काम परवानाधारक वायरमनचं. मी बोर्ड उघडणार नाही.’ कॉम्प्युटर दुरुस्तीला मात्र असा परवाना कुणी मागत नाही. शॉप अॅक्टची नोंद केली, बोर्ड रंगवला, की तुम्ही इंजिनिअर. त्यामुळे आपली हद्द कुठे संपते हे ज्याचं त्यानेच ठरवायचं, आणि गिऱ्हाईक ती रोज आणखी थोडी सरकवू पाहतं. जॉबशीटवर लिहिलं : ‘अर्थिंग नाही, मशीन वापरू नये असं सांगितलं.’ सही घेतली. कुरकुरत का होईना, दिली.

११.१५
दवाखान्याचा यूपीएस. आत १२ व्होल्टच्या आठ बॅटऱ्या एकापुढे एक जोडलेल्या, म्हणजे ९६ व्होल्ट डीसी. यूपीएसचं बटण बंद केलं, प्लग काढला, तरी हे ९६ व्होल्ट जागच्या जागी. मुलाच्या कड्याचा प्रश्न इथला. दोन टर्मिनलांच्या मध्ये धातू आला तर ठिणगी उडते, कडं लाल होतं आणि मनगटातून निघत नाही. आमच्या पान्याच्या दांड्यालाही चिकटपट्टी गुंडाळलेली आहे.

अँटिस्टॅटिक पट्टाही इथे बॅगेतच. रॅम-मदरबोर्डला जपण्यासाठी तो माणसाला अर्थशी जोडतो. आपल्याला जाणवतही नाही एवढ्या स्थिर विजेने चिप मरते, म्हणून तिथे तो हवा. जिवंत विजेजवळ मात्र आपणच अर्थला बांधलेलं असणं शहाणपणाचं नाही. त्यात एक मेगोहमचा रेझिस्टर असतो खरा, पण त्याच्या भरवशावर मी बॅटरीत हात घालत नाही.

जुन्या बॅटऱ्या ‘भंगारवाल्याला द्या, चहाचे पैसे सुटतील’ असं कंपाउंडरकाकांनी सुचवलं. २०२२ च्या नियमांनुसार त्या विक्रेत्यामार्फत किंवा नोंदणीकृत पुनर्चक्रीकरण करणाऱ्याकडेच जायला हव्यात. भंगारात फोडलेल्या बॅटरीचं आम्ल गटारात जातं आणि शिसं फोडणाऱ्याच्या अंगात.

१.३०
डबा. भेंडी.

२.१५
फ्लेक्स छापणाऱ्याचं दुकान. नवीन मशीन घेतलंय, मालक म्हणतात, ‘कोरल, फोटोशॉप, विंडोज, सगळं टाकून दे. आधीचा माणूस फुकट टाकायचा.’

हा कॉल रोज कुठे ना कुठे येतोच. विंडोजचं आधी बघितलं. जुन्या मशीनवर ओईएम लायसन्स होतं. ते त्या मशीनशी, खरं तर त्याच्या मदरबोर्डशी बांधलेलं. नव्यावर नेता येत नाही. रिटेल घेतलं असतं तर जुन्यावरून काढून इथे टाकता आलं असतं. ‘म्हणजे परत पैसे?’ हो, परत.

मग क्रॅक. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात ६३ ब हे कलम आहे. जाणूनबुजून चोरीचा प्रोग्रॅम कॉम्प्युटरवर वापरला तर किमान सात दिवस ते तीन वर्षं कैद, आणि ५० हजार ते दोन लाखांपर्यंत दंड. वापरणाऱ्यालाही लागतं, नुसत्या टाकणाऱ्याला नाही. मालकांवर कलमाचा परिणाम शून्य. ‘पकडलंय कुणाला?’ याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. मग त्यांना कळणारी गोष्ट सांगितली : अॅक्टिवेटर चालवताना पहिली पायरीच असते अँटिव्हायरस बंद करा. ज्या मशीनवरून तुम्ही बँकेत पैसे भरता, त्यावर अनोळखी माणसाची फाइल, तीही पहारेकऱ्याला झोपवून. यावर ते थांबले.

इंकस्केप आणि गिंप टाकून दिलं; दोन्ही धंद्यातही फुकट वापरता येतात. सगळं फुकट तसं नसतं. दूरवरून मशीन चालवायचे काही प्रोग्रॅम घरी फुकट आणि दुकानात विकत असतात. अटी वाचाव्या लागतात. जुन्या श्रीलिपी फाँटातल्या फायली इंकस्केपमध्ये नीट उघडतील अशी हमी मात्र दिली नाही. कोरलचं लायसन्स त्यांना घ्यावं लागेल असं मला वाटतं, आणि तसं सांगितलं. आम्ही निघालो तेव्हा ते दुसऱ्या कुणाला तरी फोन लावत होते.

५.००
दुकान. एक ताई लॅपटॉप घेऊन आल्या, टचपॅड वर उचललेलं. बॅटरी फुगली होती. चार्जर काढला, बंद केला. मुलगा ती बोटाने दाबायला निघाला, त्याचा हात धरला. फुगलेली लिथियम बॅटरी दाबायची नाही, टोचायची नाही. जळाऊ काही नसेल अशा जागी एकटी ठेवायची.

ताईंनी विचारलं, ‘पासवर्ड चिठ्ठीवर देऊ?’ बॅटरी बदलायला पासवर्ड लागत नाही. लागेल तेव्हा गिऱ्हाईक समोर बसून टाइप करतं. परवानगीशिवाय कुणाच्या मशीनमधला डेटा पाहणं किंवा उतरवून घेणं माहिती तंत्रज्ञान कायदा २००० च्या कलम ४३ मध्ये येतं. फोटोंचा फोल्डर बॅकअपच्या यादीत असेल तर कॉपी होतो, उघडत नाही. मुलाला हे दोनदा सांगितलंय. आणखी सांगावं लागेल.

६.४५
एका शाळेच्या जुन्या डिस्क पुसायच्या आहेत. नुसत्या फॉरमॅटने यादी जाते, माल राहतो. मुलांचे आधार क्रमांक आहेत, म्हणून शेवटपर्यंत लिहून पुसायच्या. मोठ्या डिस्कला काही तास लागतात. माणूस नसताना रात्री दुकानात काहीच चालू ठेवायचं नाही, हा आमचा नियम. तेवढ्यात शाळेतून फोन : ‘आज देणार होतात ना? भंगारवाला उद्या सकाळी येतोय.’

‘सर, उद्या संध्याकाळी. आणि भंगारवाल्याला नाही, ई-कचऱ्याच्या अधिकृत संकलकाला द्यायच्या. नंबर पाठवतो.’

‘तो पैसे देतो का?’

‘भंगारवाल्यापेक्षा कमी.’

पलीकडे हिशोब चाललेला ऐकू येत होता.