हॉटेलची एक रात्र आणि घरातली चार डीमॅट खाती

फेब्रुवारी २०२३ मध्ये माझ्या बहिणीच्या लग्नाला मामेभाऊ न्यू जर्सीहून आला, तो बायकामुलांसह अठवालाइन्सच्या मोठ्या हॉटेलात उतरला. नवागामचं आमचं घर म्हणजे खाली दोन खोल्या, वर दोन आणि त्यात अमळनेर-नंदुरबारकडून आलेले तीस पाहुणे. त्यामुळे कुणी मनावर घेतलं नाही. फक्त आप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, विचारलं, "एका रात्रीचं किती घेतात रे?" तो म्हणाला, "काही नाही आप्पा, पॉइंट्सवर."

मग मांडवात बसून त्याने मला सगळं समजावलं. तिकडे एका ब्रोकरेज कंपनीत खातं उघडलं, ठरलेली रक्कम काही महिने तिथे ठेवली आणि बक्षीस म्हणून हॉटेलचे पॉइंट्स मिळाले. अमेरिकेत हे जुनं आहे. अमेरिकन एअरलाइन्सने १९८१ मध्ये मैल मोजायला सुरुवात केली, १९८३ पासून हॉटेलवाले त्यात उतरले आणि पुढे बँका व ब्रोकर हेच पॉइंट्स घाऊक विकत घेऊन गिऱ्हाईक आणण्यासाठी वाटू लागले. एके काळी फिडेलिटी एक लाख डॉलर आणणाऱ्याला विमानाचे पन्नास हजार मैल द्यायची. असं बक्षीस तिकडे करपात्र उत्पन्नात धरतात, हे मात्र भावाने मांडवात सांगितलं नाही. ते मला नंतर कळलं.

मी बीई, नोकरी सॉफ्टवेअरची. अशी गोष्ट ऐकली की डोक्यात आधी एक्सेल उघडतं.

त्याच वर्षी दिवाळीच्या सुमारास मला हवी तशी ऑफर सापडली. एका ॲपमधून डीमॅट खातं उघडायचं आणि तीस दिवसांत किमान एक सौदा करायचा. मिळणारे रिवॉर्ड पॉइंट्स पुढे हॉटेलच्या खात्यात वळवता येत होते. एका खात्याचे अडीच हजार. मी, बायको, आई आणि आप्पा मिळून दहा हजार. माझ्या क्रेडिट कार्डाचे पाच हजार पडून होते. पंधरा हजारांत एक रात्र बसत होती. एका रविवारी दुपारी मी जेवणाच्या टेबलावर चौघांची पॅनकार्डं आणि आधारकार्डं मांडली आणि दोन तासांत चारही खाती उघडून मोकळा झालो. आईचा सेल्फी चार वेळा नापास झाला. ॲप म्हणे डोळे मिटलेत. ती म्हणाली, "जग मा फुकट काहीच नही भेटस रे भो." आम्ही हसलो.

त्या दोन तासांत मी काय काय केलं ते सांगतो, कारण पुढचं सगळं तिथेच घडलं.

आप्पांच्या अर्जात ईमेल माझा दिला. कुटुंबातल्या माणसाचा ईमेल चालतो, फक्त तो कुणाचा ते सांगावं लागतं. मी 'मुलाचा' निवडलं. मोबाइल मात्र त्यांचाच दिला, कारण ओटीपी तिथेच येणार होता. नॉमिनीच्या पानावर 'नको' दाबलं, दोन मिनिटं वाचली. मग 'कोणते सेगमेंट सुरू करायचे' हे पान आलं. तिथे सगळ्या चौकोनांवर आधीच खुणा होत्या. फ्युचर्स-ऑप्शन्ससाठी उत्पन्नाचा पुरावा लागतो. ॲपने सहा महिन्यांचं बँक स्टेटमेंट मागितलं आणि मी आप्पांचं दिलं. त्यांच्या खात्यात लूमच्या कारखान्यातून निवृत्त होताना मिळालेले पीएफचे पैसे होते. ती खूण काढून टाकली असती तर स्टेटमेंट द्यावंच लागलं नसतं. हे मला तेव्हाही माहीत होतं. पण खूण काढायला मागच्या पानावर जावं लागणार होतं, आणि पीडीएफ फोनमध्येच होती.

शेवटी ब्रोकरचे मेल इनबॉक्समध्ये गर्दी करू नयेत म्हणून एक फिल्टर लावला. 'ऑफर्स' नावाच्या फोल्डरमध्ये सगळे परस्पर जायचे.

आता पहिला सौदा. चौघांच्या खात्यात काहीतरी स्वस्त घेऊन टाकणार होतो, पण आप्पा म्हणाले, "माझ्यात विप्रो घे."

आपल्यातल्या खान्देशी घरांना हे वेगळं सांगायला नको, तरी इथे जन्मलेल्या मुलांसाठी सांगतो. विप्रो ही बंगळूरची कंपनी व्हायच्या आधी अमळनेरची होती. १९४५ मध्ये मोहम्मद हुसेन हाशम प्रेमजींनी तिथे वनस्पती तुपाचा कारखाना काढला, नाव वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स. ७८७ नावाचा धुण्याचा साबणही तिथलाच. १९६६ मध्ये वडील गेल्यावर अझीम प्रेमजी अमेरिकेतलं शिक्षण सोडून आले, पुढे कंपनी कॉम्प्युटरमध्ये उतरली आणि त्या काळात गावात ज्यांनी शेअर घेऊन ठेवले होते त्यांच्या घरी बोनसमागून बोनस येत राहिले. कापडाच्या दुकानदारांनी, मास्तरांनी, कारखान्यातल्या कामगारांनी घेतलेले कागद. काहींनी ते लग्नकार्यात विकले, काहींनी पेटीत ठेवले. ज्यांनी पेटीत ठेवले त्यांच्या गोष्टी अमळनेरात आजही सांगतात.

आमच्या आजोबांनाही कुणीतरी घे म्हटलं होतं. त्यांनी त्या पैशात बैल घेतला. आप्पा ताप्ती लाइनची गाडी धरून उधन्याला उतरले, बारा-बारा तासांच्या पाळ्या केल्या, नवागामात घर बांधलं, आणि गाडीत, चहाच्या टपरीवर, मयतीलासुद्धा कुणी विप्रोचं नाव काढलं की बैलाची गोष्ट सांगत आले. मी त्यांच्या खात्यात दहा शेअर घेतले, जेमतेम चार हजारांचे. त्यांनी फोन हातात घेऊन तो आकडा बराच वेळ पाहिला. मला वाटलं, चला, एक हौस फिटली.

पॉइंट्स आले. पुण्या-मुंबईला जायला कुणाला सुट्टी नव्हती म्हणून सुरतेतच एक रात्र काढायचं ठरलं. नवागामपासून रिक्षाने पाऊण तासावरच्या हॉटेलात सामान घेऊन जायचं, आई तर लाजलीच. शनिवार-रविवारला पॉइंट्स जास्त मागत होते. हल्ली बऱ्याच मोठ्या साखळ्यांमध्ये असंच असतं, मॅरियटने तर २०२२ मध्ये ठरावीक तक्ताच काढून टाकला आणि पॉइंट्सचा भाव तारखेनुसार बदलू लागला. म्हणून आम्ही फेब्रुवारी २०२४ मधला एक बुधवार घेतला. दुपारी दोनला चेक-इन. पोरगा बाथटबमध्ये, आई खिडकीशी, बायको फोटो काढतेय. आप्पा खाली लॉबीत सोफ्यावर फोन घेऊन बसलेले. साडेतीनला वर आले तेव्हा चेहरा उतरला होता. मी म्हटलं, एसी सोसला नसेल.

बुधवारी तेव्हा बँक निफ्टीच्या साप्ताहिक ऑप्शन्सचा शेवटचा दिवस असायचा. सोमवारी एक निर्देशांक, मंगळवारी दुसरा, बुधवारी, गुरुवारी, शुक्रवारी आणखी. आठवड्याचा एकही दिवस मोकळा नव्हता. ऑप्शन विकत घेणं म्हणजे भाव अमुक वेळेच्या आत अमुक ठिकाणी जाईल यावर लावलेले पैसे. दीड-दोन हजारांत एक लॉट यायचा. शेवटच्या दिवशी दुपारी भाव तिकडे गेला नाही तर साडेतीनला त्या लॉटची किंमत शून्य. विप्रोचा शेअर पडला तरी पेटीत राहतो, हा राहत नाही.

मला हे कळलं जुलैमध्ये. एफडीवर कापलेला टीडीएस परत मिळावा म्हणून मी दरवर्षी आप्पांचं रिटर्न भरतो. व्याजाचे आकडे पाहायला त्यांचं बँक स्टेटमेंट काढलं तर यूपीआयच्या नोंदींची रांग. दोन हजार, दोन हजार, पाच हजार, तीन हजार. सगळ्या एकाच ब्रोकरच्या नावावर. मग मी 'ऑफर्स'चं फोल्डर उघडलं. ज्या ज्या दिवशी त्यांनी सौदा केला त्या प्रत्येक दिवसाची कॉन्ट्रॅक्ट नोट त्यात न उघडता पडून होती. जानेवारी ते जून. बेरीज केली, ६३,४०० रुपये. त्या रात्रीच्या हॉटेलचं भाडं मी भरलं असतं तर साडेपाच हजार पडलं असतं.

आप्पांनी काही लपवलं नाही. टपरीवर एकाने टेलिग्रामचा ग्रुप दाखवला, ॲपमध्ये बटण होतंच, सुरुवातीला दोनदा फायदा झाला. मी विचारलं, लॉगिन करताना सूचना दिसली नाही का? सेबीने जुलै २०२३ पासून ब्रोकरांना ती दाखवायला लावली आहे, की या व्यवहारात दहापैकी नऊ जण तोटा करतात. ते म्हणाले, "रोज वाचायचो. वाटायचं, दहावा कोणीतरी असेलच ना."

आईने स्वयंपाकघरातूनच विचारलं, "कितला गयात?" मी आकडा सांगितला. तिने गॅस बंद केला आणि बाहेर येऊन माझ्याकडे पाहिलं, आप्पांकडे नाही.

त्यानंतर मी वाचत बसलो. सप्टेंबर २०२४ मध्ये सेबीचा अहवाल आला. तीन आर्थिक वर्षांत फ्युचर्स-ऑप्शन्स करणाऱ्या एक कोटीहून जास्त व्यक्तींपैकी ९३ टक्के तोट्यात, एकूण तोटा १ लाख ८० हजार कोटींहून अधिक. तिशीच्या आतल्यांचं प्रमाण एका वर्षात ३१ वरून ४३ टक्क्यांवर गेलं. म्हणजे माझ्या आप्पांपेक्षा हे वाचणाऱ्यांचंच वय त्यात जास्त आहे. नोव्हेंबर २०२४ पासून साप्ताहिक मुदतीचे करार एका एक्स्चेंजला एकाच निर्देशांकावर ठेवले, लॉटही मोठे केले.

आणि ब्रोकर पॉइंट्स का वाटतो, याचंही उत्तर मिळालं. मार्च २०२० मध्ये देशात चार कोटींच्या आसपास डीमॅट खाती होती, चार वर्षांत ती पंधरा कोटींवर गेली. नुसतं पडून राहिलेलं खातं ब्रोकरला खर्चातच पाडतं. त्याची कमाई सौद्यांवर आणि उधारीच्या व्याजावर. दहा शेअर घेऊन वर्षभर गप्प बसणाऱ्याला कुणी हॉटेलची रात्र देणार नाही. ती देतात ते रोज वीस-वीस रुपये मोजून सौदे करणाऱ्याच्या आशेवर. माझ्या एक्सेलमध्ये त्या कॉलमला जागाच नव्हती. वर्षाची देखभाल फी मात्र मी धरली होती, पहिलं वर्ष माफ, पुढे प्रत्येकी तीनशे आणि जीएसटी. तिचाही उपाय नंतर सापडला. बेसिक सर्व्हिसेस डीमॅट खात्यात १ सप्टेंबर २०२४ पासून चार लाखांपर्यंतच्या शेअर्सवर फी नाही, फक्त एका माणसाला असं एकच खातं ठेवता येतं.

आप्पांचं रिटर्न त्या वर्षी साधं राहिलं नाही. ऑप्शन्सचा तोटा धंद्याचा धरतात, त्यामुळे आयटीआर-३ भरावा लागला. सीए म्हणाले, वेळेत भरलंत तर हा तोटा आठ वर्षं पुढे नेता येईल, पुढच्या धंद्यातल्या नफ्यातून वजा करायला. आप्पा शेजारीच बसले होते. कोणता धंदा, असं कुणी विचारलं नाही.

आई, बायको आणि माझं खातं बंद केलं. शेअर विकून शिल्लक शून्य केली, ऑनलाइन अर्ज दिला, बंद करायला पैसे लागले नाहीत. जुन्या नोकरीच्या काळात उघडलेलं माझं आणखी एक खातं मला कन्सॉलिडेटेड स्टेटमेंटमध्ये दिसलं. डिपॉझिटरीकडून पॅननुसार ते मेलवर येतं, तेही त्याच फोल्डरमध्ये पडलं होतं. फिल्टर काढून टाकला.

आप्पांचं खातं ठेवलं. ते म्हणाले, "बंद नको करू." फ्युचर्स-ऑप्शन्सचा सेगमेंट बंद केला, नॉमिनी म्हणून आईचं नाव घातलं, आणि हे सगळं त्यांच्या हाताने त्यांच्या फोनवर केलं. मी फक्त शेजारी होतो. ६३,४०० मी हळूहळू त्यांच्या एफडीत भरतोय. त्यांना ते आवडलेलं नाही, आईला आवडलंय.

डिसेंबर २०२४ मध्ये मी ऑफिसात असताना आप्पांचा फोन आला. विप्रोने एकास एक बोनस दिला होता. दहाचे वीस झाले. भाव त्याच दिवशी निम्मा झाला होता, म्हणजे रक्कम होती तेवढीच, आणि हे त्यांना माझ्याआधी माहीत होतं. तरी संध्याकाळी घरी आलो तर टपरीवरचे दोघे आमच्या ओट्यावर बसले होते, आई चहा गाळत होती आणि आप्पा त्यांना बैलाची गोष्ट सांगत होते.