ही भूक पोटाची की मनाची?

मुलांनो, गौरी-गणपती झाले की आमच्या शिवथरच्या खोऱ्यातले चाकरमानी परत मुंबईची एस.टी. धरतात. माझ्या वर्गातल्या एका मुलाचे बाबाही असेच गेले. दुपारी पोटभर जेवलेला हा गडी तासाभरात लाडवांचा डबा घेऊन बसला! आईनं विचारलं, "भूक लागली? भाकरी देऊ?" तर म्हणतो, "नको, लाडूच हवा."

इथंच तर खरी मेख आहे. पोटाची भूक हळूहळू वाढते, कावळे ओरडू लागतात आणि मग नाचणीची कोरडी भाकरीही गोड लागते. पोट रिकामं झालं की जठरातून घ्रेलिन नावाचं संप्रेरक मेंदूला सांगावा धाडतं. १९९९ साली जपानी शास्त्रज्ञांनी ते शोधलं. मनाची भूक मात्र अचानक येते, तिला अमुकच पदार्थ लागतो आणि पोट भरलं तरी ती भागत नाही. (पेपर तपासताना मीसुद्धा फरसाणाचा डबा संपवते, बरं का!)

त्याची आई रागावली नाही. डबाही हिसकावला नाही. जवळ बसून म्हणाली, "बाबांची आठवण येते ना रे?"

तेव्हा कुठे तो रडला. हातातला अर्धा लाडू तसाच राहिला. रात्री दोघांनी मिळून बाबांना फोन लावला.