नाद वाद्यपथकाचा

नांदेडच्या शाळेत मी आठवीत शिकत होतो. शाळेचे वाद्यपथक मी दुरूनच पाहत असे. एके दिवशी मोठा ड्रम वाजवणारा मुलगा आजारी पडला. खेळाच्या सरांनी ड्रमचा पट्टा माझ्या गळ्यात अडकवला. मी पहिला ठोका मारला आणि त्याचा हादरा थेट छातीत जाणवला. त्या दिवशी मला जो नाद लागला, तो आजतागायत सुटलेला नाही.

वाद्यपथकात साधारणपणे मोठा ड्रम, साइड ड्रम, झांज, बासरी आणि बिगूल ही वाद्ये असतात. प्रत्येकाचे काम वेगळे. साइड ड्रमच्या खालच्या पडद्याला बारीक तारा ताणलेल्या असतात. वर काठी पडली की तारा थरथरतात, म्हणून त्याचा आवाज कडकडीत येतो. मोठा ड्रम चालण्याचा ठेका धरतो. त्याचा जोरदार ठोका पडताच सर्वांचा डावा पाय जमिनीवर आला पाहिजे. एनसीसीच्या कवायतीत 'तेज चल'ची गती मिनिटाला १२० पावले असते. म्हणजे एका पावलाला अर्धा सेकंद.

थोड्याच दिवसांनी १७ सप्टेंबर आला. १९४८ साली याच दिवशी हैदराबाद संस्थान निजामाच्या राजवटीतून मुक्त झाले, म्हणून मराठवाड्यात हा मुक्तिसंग्राम दिन साजरा होतो. झेंडावंदनानंतर संचलन सुरू झाले. गर्दी पाहून मला जोर चढला. माझे हात भरभर चालू लागले. पुढची मुले जवळजवळ पळू लागली, मागच्यांची पावले चुकली, एकाची टोपीही पडली. मी मात्र माझ्याच आवाजात गुंग होतो.

सर रागावले नाहीत. ते एवढेच म्हणाले, "बेटा, तू वाजवलंस छान, पण ऐकलं नाहीस."

दुसऱ्या दिवशी त्यांनी माझ्या हातातली काठी काढून घेतली आणि मला मैदानाच्या दुसऱ्या टोकाला उभे केले. तेथून काठी आधी पडताना दिसे आणि आवाज मागाहून येई. आवाज सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो. ८५ मीटरवर उभ्या असलेल्या मुलाला ठोका पाव सेकंद उशिरा ऐकू येतो. तेवढ्यात अर्धे पाऊल निघून जाते! म्हणून लांबलचक रांगेत केवळ कानांवर विसंबून चालत नाही. पथकाच्या पुढे दंड घेतलेला नायक असतो. त्याचा दंड वरखाली होताना सर्वांना एकाच वेळी दिसतो.

पुढे बी.एड. करून मी लातूरला शिक्षक झालो आणि तेथील शाळेचे वाद्यपथक माझ्याकडे आले. एका मुलाने विचारले, "सर, ड्रम इंग्रजांचा ना?" उत्तर शोधताना मलाच नवल वाटले. आपला 'नगारा' हा शब्द अरबी 'नक्कारा'वरून आला आहे. अरबांचे हे जोडवाद्य मध्ययुगात युरोपात पोहोचले. तुर्की सुलतानांच्या फौजेबरोबर वाद्यपथक चालत असे. अठराव्या शतकात युरोपच्या सैन्यांनी त्याच्याकडून मोठा ड्रम आणि झांज घेतली. पुढे तीच वाद्ये इंग्रजी पलटणींबरोबर हिंदुस्थानात आली. ताशाही असाच सर्वांचा आहे. तो मोहरमच्या मिरवणुकीत वाजतो आणि गणेशोत्सवातही.

दरवर्षी जूनमध्ये नवी मुले पथकात येतात. ड्रम कधी मिळेल, अशी त्यांना घाई असते. मी मात्र त्यांना आधी मैदानाच्या टोकाला उभे करतो आणि म्हणतो, "आधी ऐका."

शब्दार्थ
नाद – आवाज, छंद
आजतागायत – आजपर्यंत
संचलन – रांगेत, एका तालात चालणे
गुंग होणे – रमून जाणे
विसंबणे – भरवसा ठेवणे

स्वाध्याय
१. मोठ्या ड्रमचे काम कोणते?
२. "तू वाजवलंस छान, पण ऐकलं नाहीस," असे सर का म्हणाले?
३. 'नाद' या शब्दाचे दोन्ही अर्थ दाखवणारी दोन वाक्ये लिहा.